खडपवाडीची गाडी

‘खोटा मेसेज मला वासावरून कळतो, मॅडम,’ असं मुकुल पोतनीसने सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं, आणि मंगळवारी सकाळी ऑफिसात बसून नासलेल्या दुधाचा चहा अख्खा कप पिऊन टाकला. समोर बसलेल्या मुख्तारने, कंपनीच्या ड्रायव्हरने, पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करून आपला कप खिडकीबाहेर रिकामा केला आणि विचारलं, ‘साहेब, तुमाला काय लागलं नाय?’ ‘काय लागायचंय?’ मुकुल म्हणाला. कांतिप्रभा डायकेमच्या आवारात अकरा वर्षं काढल्यावर नाक हा चष्मा टेकवायला लागणारा अवयव उरतो. पण मेसेजचा वास वेगळा. तो नाकाने घ्यायचा नसतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मीटिंगमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या इरावती मॅडमना, मुंबईच्या डायरेक्टरना, ते पटलंही होतं. कंपनी समाजासाठी काय करते हे लोकांना सांगणं ही त्याची नोकरी. कंपनी फार काही करत नसल्यामुळे, कंपनी काय काय करत नाही हे सांगण्यातच त्याचा दिवस जायचा. गेल्या पावसाळ्यात महाडच्या अर्ध्या ग्रुपांवर आलं की कांतिप्रभाने सगळा निधी एका देवळाच्या कळसाला दिला. उरलेल्या अर्ध्यांवर आलं की सगळा निधी मदरशाच्या वरच्या मजल्याला दिला. दोन्हीकडे पुरावा म्हणून एकच फोटो होता, कांतिप्रभाच्या नव्या गोडाऊनचा. प्रत्यक्षात कंपनीने त्या वर्षी अकरा कचराकुंड्या आणि एका शाळेला पाणी थंड करायचं मशीन दिलं होतं. त्या शाळेत वीज जोडलेली नव्हती. ‘आमच्या ग्रुपवर तुमी मंदिर बांधलंत, त्यांच्या ग्रुपवर मदरसा,’ मुख्तार तेव्हा म्हणाला होता. ‘खरंच बांधलं असतंत तर बघायला तरी गेलो असतो.’ मुकुलने दोन्ही मेसेजवर आपला लाल शिक्का तिरका मारून ते त्रेसष्ट ग्रुपांवर सोडले. शिक्का त्याने स्वतः बनवला होता. गोल, कडेला कंपनीचं नाव, मध्ये जाड अक्षरात ‘खोटं’. त्याच्या वहीत पहिल्या पानावर एक नियम लिहिलेला होता: मेसेजातली एक गोष्ट खोटी निघाली की अख्खा मेसेज खोटा, अर्धं दूध नासलंय म्हणून उरलेलं अर्धं कोणी पीत नाही. चहा पिताना त्याला हा नियम आठवला नाही.

साडेदहाला गेटवरून फोन आला की खडपवाडीचे लोक हार घेऊन आलेत. खडपवाडी म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत चाळीस उंबऱ्यांचं गाव, आणि कांतिप्रभाचा त्या गावाशी संबंध एवढाच, की कंपनीच्या कॅलेंडरवर त्याच्या मागच्या कड्याचा फोटो होता. गेटवर अकरा माणसं उभी होती, टोप्या घातलेली, पुढच्याच्या हातात झेंडूचा हार आणि नारळ. तो हैबती, गावचा प्रमुख, गावकीत शेवटचा शब्द त्याचा. त्याने न विचारता हार मुकुलच्या गळ्यात घातला. ‘देवीनं तुमच्या मालकाला बुद्धी दिली, साहेब. गाडी शिमग्याला येनार म्हनतात, म्हटलं आधी जाऊन तोंड दाखवून यावं.’ कोणती गाडी, असं मुकुलने विचारलं तेव्हा अकराही जण हसले, साहेब मोठे मस्करे आहेत म्हणून. मग एकाने मोबाइल काढून दाखवला. कांतिप्रभा कंपनीतर्फे खडपवाडी गावास सुसज्ज रुग्णवाहिका, शिमग्याच्या शुभमुहूर्तावर, जास्तीत जास्त शेअर करा. खाली पांढऱ्या गाडीचा फोटो, स्टेअरिंग डावीकडे, म्हणजे परदेशातली. मेसेज तीन आठवडे जिल्हाभर फिरत होता. त्रेसष्ट ग्रुपांत असलेल्या मुकुलला तो एकाही ग्रुपवर दिसला नव्हता, कारण तो बसलेला असतो त्या ग्रुपवर लोक आता कुठलीही आनंदाची बातमी टाकत नसत. त्याच्या गळ्यातला झेंडू ओला होता आणि शर्टाच्या आत पाणी उतरत होतं. त्याने सांगितलं की हे खोटं आहे. हैबती शांतपणे म्हणाला, ‘असं कसं व्हईल? आमच्या पोरानं मुंबयच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. राहुल माझा. तो तुमचा शिक्का बघितल्याबिगर कायबी फुडं पाठवत नाय. ह्याच्यावर तुमचा शिक्का नव्हता, म्हंजे खरं.’ या वाक्यात काहीतरी चूक होतं, पण मुकुलला ते उन्हात सापडेना. ‘माझी मालकीन दोन वर्सं किडनीच्या मशीनवर हाय,’ हैबती म्हणाला. ‘आठवड्यातनं दोनदा. फाट्यापातूर पाच किलोमीटर डोलीतनं आनतो तिला. डांबरी हाय रस्ता, पन येस्टी फाट्यावरनं वळती आनि जीपवाला एका मानसासाठी चढत नाय. गाडी आली म्हंजे दारातनं नेता यील.’ त्याने हे अशा आवाजात सांगितलं जसं कोणी गाडीचं वेळापत्रक सांगावं. मग म्हणाला, ‘तुमी म्हनता नाय, तर नाय. पन आमी अकरा जन जाऊन सांगितलं तर गाव म्हनंल ह्यांनी वाटेत गाडी इकली. तुमी वर या. गावकीत देवीम्होरं बोला.’

ऑफिसात परत येऊन मुकुलने हार खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बराच वेळ फोन उलटा करून ठेवला. वासावरून कळतो म्हणाला होता. तीन आठवडे. डाव्या स्टेअरिंगची गाडी, आणि त्या अकरातल्या एकालाही तिचं स्टेअरिंग दिसलं नाही; दिसलं ते दार, मागचं, उघडणारं. खोट्याचा त्याला एवढा राग का यायचा हे ऑफिसात कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने बाबांची गोष्ट सांगितली असती, आणि ती सांगायला त्याला आवडायची, कारण ती स्वच्छ होती. एकवीस सालच्या पुराच्या वेळी, गल्लीत पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं तेव्हा, मेसेज आला की वरचं धरण फुटलं, अर्ध्या तासात महाड बुडणार. कुठलंही धरण फुटलं नव्हतं. पण बाबा, गणिताचे मास्तर चिंतामणी पोतनीस, ज्यांनी आयुष्यभर पुराव्याशिवाय पाऊल टाकलं नाही, ते चवदार तळ्याच्या बाजूने चिखलातून पळत सुटले आणि घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मोडतानाचा आवाज वाळकी काटकी मोडावी तसा होता, असं सांगताना मुकुल बोटांनी चुटकी वाजवून दाखवायचा. मग तीन महिने पाठीवर, मग न्यूमोनिया. एका खोट्या मेसेजने माणूस मेला, असं तो शेवटी म्हणायचा आणि ऐकणारा मान हलवायचा. गोष्टीत एक तपशील तो घेत नसे. बाबांचा साधा काळा फोन अजून घरातल्या खणात होता, बॅटरी काढलेला. बॅटरी घातली असती तर त्यात तो मेसेज अजून दिसला असता, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आलेला, आणि वर पाठवणाऱ्याचं नाव: मुकुल. त्याने तो वाचलासुद्धा नव्हता पुरता. बोट गेलं होतं. शेजाऱ्यांना, मामाला, बाबांना, एका झटक्यात पाच जणांना. त्यानंतर वर्षभरात त्याने शिक्का बनवला. खुर्चीवरच्या हारातून पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते आणि तो मोजत होता, सात, आठ, जणू ते थांबले की आपण मोकळे होऊ. मग त्याने फोन सुलटा केला, खडपवाडीच्या मेसेजवर शिक्का मारला, आणि राहुलला वेगळा पाठवला. राहुलचं लगेच उत्तर आलं: ‘ओके सर. तुमचा शिक्का आला म्हणजे विषय संपला. आई नाराज होईल. थँक्यू सर.’

विषय संपला नाही, कारण गाव ग्रुपवर नव्हतं. खडपवाडीत रेंज फक्त सहाणेच्या बाजूच्या आंब्याखाली यायची. सहाण म्हणजे शिमग्यात देवीची पालखी टेकवतात तो चौथरा. बाकी गावभर फोन नुसते गाणी ऐकायला. शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी गावकी भरली तेव्हा मुकुल तिथे गेला, मुख्तारला गाडीजवळ ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला भीती नव्हती, उलट एक प्रकारचा उत्साह होता. त्रेसष्ट ग्रुपांवर तो लिहायचा तेव्हा समोर कोणाचा चेहरा नसायचा. आज शंभर चेहरे होते, आणि सगळे चूक होते. देवळाच्या ओसरीवर एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक बाई बसली होती. खुर्चीच्या हातांना दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले होते. डोली ती हीच, हे त्याला जरा उशिराने कळलं. आवडी, हैबतीची बायको. हाताच्या शिरा फुगून दोरासारख्या झाल्या होत्या आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती जशी लग्नात लोक उशिरा आलेल्या व्याह्याकडे बघतात. मुकुलने हेड ऑफिसने मंजूर केलेलं निवेदन वाचलं: सद्यस्थितीत असा कोणताही प्रस्ताव कंपनीच्या विचाराधीन नाही. ‘म्हंजे ईल का नाय?’ मागून कोणीतरी. ‘विचारात नाय म्हनतात, म्हंजे अजून इचार केला नाय. केल्यावर देतील,’ दुसरा. ‘साहेब लाजतायत गो,’ एक म्हातारी दुसरीला म्हणाली. मुकुलला ते निवेदन पहिल्यांदाच वाचतोय असं वाटलं. ते खोटं नव्हतं, पण खऱ्यासारखं उभंही राहत नव्हतं. त्याला पाठीचा कणा नव्हता. मोरू गुरव गाभाऱ्यातून ताट घेऊन आला, त्यात बेलाची पानं आणि चिमूट हळद. ‘बेलभंडारा उचला नि एका तोंडानं बोला, साहेब. म्हंजे गाव गप बसंल. हितं उचललेला शबूद कोन मोडत नाय.’ मुकुलने उचलला. हळद तळव्यात कोरडी, मऊ, पावडरीसारखी. वास घेऊन बघितला, सवयीने, आणि काही आलं नाही. ‘कांतिप्रभा कंपनी खडपवाडीला गाडी देणार नाही.’ ‘औंदा?’ मोरूने विचारलं. इथे तो थांबू शकला असता. पण वाक्य असं छान सरळ आलं होतं, इतकं स्वच्छ, की त्याला तसंच पुढचं हवं झालं. ‘औंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही.’ अंगावर काटा आला त्याच्या. अकरा वर्षांत एवढं खरं तो बोलला नव्हता. ओसरीवरून आवडी म्हणाली, ‘झालं. मंग बांबू सोडू नका रे.’ दोनचार जण हसले. हैबती हसला नाही, त्याने मुकुलला गूळपाणी दिलं.

आंब्याखाली उभ्या असलेल्या कोणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत व्हिडिओ हिरकणीवाडीत रोपवेची वाट बघणाऱ्या पुण्याच्या पर्यटकांच्या फोनवर पोचला. त्यात खुर्चीतली आवडी, हातातली हळद, आणि इस्त्रीच्या शर्टातला माणूस देवीला सांगतोय: कधीच नाही. खाली लिहिलेलं: ही आहे कांतिप्रभाची माणुसकी. मुकुलने शिक्का उघडला आणि तो शिक्का व्हिडिओवर नेऊन ठेवला, थोडा फिरवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की यातलं काहीच खोटं नाही. त्याने शिक्का परत घेतला. संध्याकाळी इरावती मॅडमचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत, त्या फक्त ‘मुकुल’ एवढं म्हणून थांबायच्या. ‘मुकुल. त्यांना हवीय ना ॲम्ब्युलन्स? देऊन टाका. गुरुवारी. आणि फोटो नीट येऊ दे, आजी पाहिजेत फोटोत, खुर्ची नको.’ मुकुलने सांगायचा प्रयत्न केला की आपण तिथे शपथ घेतलीय. ‘मग काय झालं,’ मॅडम म्हणाल्या. ‘आता चांगलीच बातमी आहे ना?’ त्यालाही तसंच वाटलं. खोटं म्हणून तो ज्याच्या मागे लागला होता ते खरं होणार होतं, यात वाईट काय. पण त्या रात्री तो जेवताना मधेच थांबला, कारण त्याच्या वहीत अशा मेसेजसाठी नियम नव्हता, जो लिहिला तेव्हा खोटा असतो आणि नंतर खरा होतो. बाबा असते तर त्यांनी विचारलं असतं, मग तो आधी काय होता?

गुरुवारी सकाळी नवी कोरी गाडी, उजवीकडे स्टेअरिंग असलेली, मुख्तारने घाट चढवून खडपवाडीच्या देवळासमोर आणली. बॉनेटवर रिबन. बाजूवर मोठ्या अक्षरात: कांतिप्रभातर्फे खडपवाडीस सस्नेह. गाव जमलं, पण कोणी जवळ येईना. पोरंसुद्धा दहा हातांवर थांबली. हैबतीने गाडीवरची अक्षरं बोट फिरवत वाचली, दोनदा, आणि म्हणाला, ‘चांगली हाय. घेऊन जा.’ मुकुलला वाटलं माणूस रुसलाय. ‘अहो हैबतीराव, खरीच आहे. आता घ्या.’ ‘तुमी भंडारा उचललात, साहेब. कधीच नाय म्हनलात. आता घेतली तर तुमचा शबूद खोटा पडंल.’ ‘पडू दे की, माझा शब्द आहे.’ ‘शबूद तुमचा, पन जागा आमची. देवी तुमच्या बिऱ्हाडी नाय ईत. ती हितं बसलीय.’ मुकुलने सगळं करून पाहिलं. म्हणाला, देऊ नका म्हणत असाल तर नुसती ठेवायला घ्या, वापरायला. गाडी कंपनीच्याच नावावर राहील. हैबतीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, देवीला वकिली कळत नाय. मुकुल म्हणाला, मग शेजारच्या वाडीला देतो, तुम्ही त्यांच्याकडून मागून न्या. तर शेजारच्या वाडीशी पालखीच्या वाटेवरून सतरा वर्षं बोलणं नव्हतं. तेवढ्यात घोळक्यातल्या एका पोराने हात वर केला. त्याच्या मोबाइलवर याच गाडीचा फोटो होता, फाट्यावरून चढताना कोणीतरी काढलेला, आणि त्यावर मुकुलचाच शिक्का तिरका मारलेला: खोटं. ‘तुमचाच हाय, सर. जुन्या मेसेजवरचा कापून घेतला कुनीतरी.’ मुख्तार गाडीला टेकून उभा होता. तो गाडीला म्हणाला, ‘बघ, तू नाहीच आहेस.’

शेवटी मोरू म्हणाला कौल लावू. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने आधी नारळ फोडला, पाणी पायऱ्यांवर सांडलं, मग सगळे गाभाऱ्याकडे तोंड करून थांबले. मुकुल बाहेर शेवटच्या पायरीवर उभा होता. आवडीला ओसरीवर आणून बसवलं होतं, तिची आज मशीनची पाळी होती, बाराला महाडात पोचायचं होतं, म्हणून खुर्चीला बांबू बांधूनच ठेवले होते. तीसुद्धा कळ्यांकडे बघत होती. मुकुलच्या मनात आलं की हाच तो फोटो. देऊळ, आजी, गाडी, सगळं एका चौकटीत, फक्त बांबू कापावे लागतील. त्याने फोन वर धरला आणि चौकटीत गाडीचं टोक येईना म्हणून एक पाऊल मागे घेतलं. नारळाच्या पाण्यावर बूट गेला. पडताना त्याला आकाश दिसलं, मग आंबा, आणि मग तो आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. तो आवाज त्याला इतका ओळखीचा होता की क्षणभर त्याला वाटलं कोणीतरी गोष्ट सांगतंय आणि चुटकी वाजवली. गाभाऱ्यातून मोरू म्हणाला, ‘डावी पडली.’ मग सगळे बाहेर धावले.

गावाने जे करायचं ते चटकन केलं. लोकांनी त्याला उचललं, मांडीला फळी बांधली, आणि यात वाद नव्हता, गाडीत घातलं. गाडी कंपनीची, माणूस कंपनीचा, घेणंदेणं कसलं. त्याचं अंग थरथरत होतं आणि दुखणं अजून नीट सुरू झालं नव्हतं, लांबून येणाऱ्या मिरवणुकीसारखं ते जवळ येत होतं. उघड्या दारात हैबती आला. त्याने टोपी काढली होती. गावात कोणी त्याला टोपी काढलेला पाहिलं नसेल. ‘साहेब, हिला बसू दे काय तुमच्यासंगं? पेशंट तुमी. ही नुसती सोबत. तुमी आमाला कायच देत नाय, आमी कायच घेत नाय. वाटेत मानसाला मानूस लागतंच. देवी ह्याला नाय म्हननार नाय.’ मागे मोरूने मान डोलवली, चालेल म्हणून. हैबतीने हे कधी शोधून काढलं असेल? मुकुल पडला तेव्हा, का आधीच, दोन वर्षं डोली वाहताना अशा फटी शोधायची सवय होऊन? आवडी खुर्चीत पुढे वाकली होती. बाजूला बाकडं रिकामं होतं, नवं, त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आणि मुकुलला दिसलं ते बाकडं नाही, त्याला मेसेज दिसला: देवीसमोर शपथ घेणाऱ्याने त्याच दिवशी शपथ मोडली, पाहा पुरावा, आणि खाली आवडीचा फोटो, गाडीत बसलेली. आंब्याखालचा मोबाइल वर झालेलाच होता. यावर काय शिक्का मारणार? ‘नको,’ तो म्हणाला. ‘फोटो निघेल.’ हैबतीला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने टोपी घातली आणि दार हलक्या हाताने लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं. मुख्तारने घोळक्यातून गाडी वळवून काढेपर्यंत डोली पुढे निघाली होती; घाट उतरताना दुसऱ्या वळणावर गाडीने तिला मागे टाकलं. मागच्या काचेतून मुकुलला बांबू दिसले, दोन माणसं, मध्ये खुर्चीची पाठ, लहान होत गेलेली. मुख्तार समोर बघूनच म्हणाला, ‘साहेब, जागा होती.’ मग दुखणं पोचलं आणि मुकुलला पुढचं ऐकू आलं नाही. आवडी महाडला दीड वाजता पोचली. तिची पाळी दुसऱ्याला दिलेली होती. तिला शनिवारी बोलावलं.

शनिवारी दवाखान्यात मुकुलचा पाय कमरेपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि तो छताकडे बघत बाबांचे तीन महिने मोजत होता, नव्वद दिवस, त्यातला तिसरा. खुब्याचं नव्हे, मांडीचं आहे, तुम्ही तरुण आहात, असं डॉक्टर म्हणाले होते. पडल्यापासून त्याला एक नवीनच गोष्ट जाणवत होती, वास. फिनेलचा, शेजारच्याच्या डब्यातल्या सुकटीचा, स्वतःच्या घामाचा. बंद पडलेला नळ अचानक सुरू व्हावा तसा. प्रत्येक वासाला कुठूनतरी ओल्या झेंडूची कड होती, आणि उशी उलटून बघितली तरी ती जात नव्हती. त्याला ते बरं वाटत नव्हतं. बाराच्या सुमाराला फोन वाजला, आणि पुन्हा, आणि मग थांबेचना. लोक त्याच्याच नंबरवर विचारत होते, मुकुलची बॉडी कधी ताब्यात मिळणार. मेसेज सगळीकडे होता: खडपवाडीच्या देवीचा कोप, खोटी शपथ भोवली, देवीने दोन बळी घेतले, कांतिप्रभाचे साहेब मुकुल पोतनीस व खडपवाडीच्या आवडीबाई, दोघांचेही निधन, जास्तीत जास्त शेअर करा. खाली त्याचाच फोटो, स्ट्रेचरवर, डोळे मिटलेले. मुकुल बघत राहिला आणि त्याच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. आठवडाभर त्याला खरं काय नि खोटं काय याचा थांगपत्ता लागत नव्हता, आणि इथे, अखेर, निखळ, गोलमटोल, ताजं खोटं होतं, आणि त्याचा पुरावा तो स्वतः, श्वास घेणारा. त्याला हसू आलं. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने विचारलं, ‘काय झालं?’ ‘मी मेलोय म्हणे,’ मुकुल म्हणाला, आणि दोघेही हसले. आवडीच्या नावावर त्याची नजर गेली, थांबली नाही. एक गोष्ट खोटी निघाली की अख्खा मेसेज खोटा. त्याने शिक्का उघडला, मेसेजवर तिरका ठेवला, दोन्ही नावं झाकली जातील असा जरा मोठा केला, खाली लिहिलं, ‘स्वतः खात्री केली आहे’, आणि त्रेसष्ट ग्रुपांवर सोडला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. राहुलला त्याने वेगळा पाठवला, कारण मुलगा काळजीत असेल.

आवडी सकाळी नऊला, फाट्याच्या अलीकडच्या वळणावर, डोलीतच गेली होती. राहुलला ते मेसेजवरूनच कळलं. घरी फोन लागत नव्हता. तो अकराला घाटकोपरहून बायकोमुलांना घेऊन भाड्याच्या गाडीने निघाला होता. शिक्का आला तेव्हा तो पेणला पोचला होता. त्याने मुकुलला लिहिलं, ‘थँक्यू सर, जीव भांड्यात पडला,’ मुलांना वडापाव खाऊ घातला आणि गाडी मुंबईकडे वळवून घेतली. मेसेज बघून तो निघालाच असेल असं धरून खडपवाडीत साडेपाचपर्यंत त्याची वाट बघितली. मग दिवस मावळायच्या आत अग्नी मोरू गुरवाने दिला.